बहिणीला घरबसल्या नोकरीची ऑफर आलीय, उद्या पाचच्या आत २,९५० भरायला सांगतात. खरी की खोटी?

कापूसकाठी
तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ. लहान बहीण बी.कॉम. आहे, टॅली येते, मराठी टायपिंग ४० ची परीक्षा पास. जॉब साइटवर बायोडाटा टाकला होता. चार दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: बॅक ऑफिस असोसिएट, पूर्ण काम घरून, पगार २८,०००. मुलाखत व्हॉट्सॲपवरच, लिहून प्रश्न अन् लिहून उत्तरं, साधारण २५ मिनिटं. संध्याकाळी मेलवर पीडीएफमध्ये ऑफर लेटर आलं. पत्ता बंगळुरूचा. लेटरहेडवर सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), जीएसटी नंबर, गोल शिक्का, सगळं आहे. तिनं सही करून फोटो परत पाठवला.

आता म्हणतात लॅपटॉप कुरिअरनं येईल, त्यासाठी २,५०० रुपये परतीची अनामत अधिक १८ टक्के जीएसटी ४५०, असे २,९५० भरा. पहिल्या पगारात परत देऊ. मुदत उद्या संध्याकाळी ५. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन आणि पासबुकचं पहिलं पान तिनं पाठवून दिलं. आधार हातात धरून एक सेल्फी व्हिडिओ मागताहेत, तो दिला नाही. पैसेही भरले नाहीत.

गोंधळ असा की मी एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपनी शोधली तर ती खरी निघाली, स्टेटस ॲक्टिव्ह आहे. बाबा म्हणतात एका फवारणीला एवढे जातात, भरून टाका. जाणकारांनी सांगावं.

पिंपळपार
भरू नका. व्हिडिओही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

एमसीएवर शोधलंत ते बरं केलं, पण त्यातून एवढंच कळलं की त्या नावाची कंपनी आहे. व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे हे त्यातून कुठं सिद्ध झालं? सीआयएन काही गुप्त नसतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कंपनीला तो लेटरहेडवर छापावाच लागतो, त्यामुळे कुणीही उचलून आपल्या पीडीएफवर डकवू शकतो. सातबाऱ्यावरचा गट नंबर खरा असला म्हणून विकायला आलेला माणूस मालक ठरत नाही, तसं हे आहे. उलट अलीकडे बनावट कंपनीचं नाव फार कमी वापरतात. चालू असलेल्या, बऱ्यापैकी नाव असलेल्या कंपनीचं नाव घेतात, कारण तुमच्यासारखे लोक तपासतात आणि तपासल्यावर ती खरी निघते.

तरी सीआयएन वाचायला शिका, कधी कधी चोर तिथंच घसरतो. एकूण २१ अक्षरं. पहिलं यू किंवा एल. एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. मग ५ आकडे धंद्याचे, २ अक्षरं राज्याची, ४ आकडे स्थापनेच्या वर्षाचे, ३ अक्षरं प्रकाराची (पीटीसी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड) आणि शेवटी ६ आकडे नोंदणीचे. पत्रात 'आम्ही २००८ पासून' आणि सीआयएनमध्ये २०२२ असेल, तर पुढं वाचायची गरज नाही.

आता पडताळणी उलट बाजूनं करा. त्यांनी दिलेला नंबर, लिंक, मेल यातलं काहीच वापरायचं नाही. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात असते, ती सोडा. साइटवरचा पत्ता एमसीएतल्या नोंदणीकृत पत्त्याशी ताडून पाहा. त्या साइटवरच्या मेलवर चार ओळी टाका: अमुक तारखेला, अमुक नावाच्या व्यक्तीकडून, अमुक पदासाठी सोबतचं पत्र आलं आहे, हे आपण दिलं आहे का आणि आपण उमेदवाराकडून रक्कम घेता का, कळवावं. सोबत पीडीएफ जोडा. साइटवर लँडलाइन असेल तर सकाळी ११ नंतर फोन करा. उत्तराला दोन-तीन दिवस लागतील. ज्याला खरोखर माणूस हवाय तो दोन दिवस थांबतो.

मेल कोणत्या पत्त्यावरून आला होता, तेही सांगा. आणि पत्रातली पगाराची फोड इथं टाका.

दुबार_पेरणी
भाऊ, कायले डोकं शिनवता. व्हिडिओवर तोंड नाई दाखोलं, ऑफिस नाई दाखोलं, अन् एका दिवसात २८ हजाराची नोकरी देऊन मोकये झाले. आपल्या इकडं सोयाबीनचा यापारी बी ओलावा पाह्यल्याबिगर भाव सांगत नाई, अन् हे पोरीचं काम न पाहता पगार सांगून ऱ्हायले. व्हिडिओ मुलाखत नाई म्हंजे फसवनंच समजाचं. नंबर ब्लॉक मारा अन् मोकये व्हा.

रात्रपाळी
@दुबार_पेरणी, ओलाव्याचं पटलं. दोन गोष्टी मात्र दुरुस्त करतो.

व्हिडिओ नाही म्हणजे फसवणूकच, असं नसतं. डेटा प्रोसेसिंग आणि चॅट सपोर्टच्या खऱ्या भरतीत पहिली फेरी बऱ्याचदा ऑनलाइन टेस्ट किंवा लेखीच असते. शिवाय व्हिडिओवर कोट-टाय घालून बसणारे भामटेही आहेत. व्हिडिओ झाला म्हणून निर्धास्त व्हाल तर तिथंच फसाल. पाहायचं ते हे की कामाबद्दल काही विचारलं का. टॅलीवाल्या मुलीला टॅलीत एक एंट्री करून दाखवायला सांगितली का? टायपिंगचा वेग मोजला का?

दुसरं, लगेच ब्लॉक करू नका. आधी पूर्ण चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, वर नंबर दिसेल असे, आणि व्हॉट्सॲपचं 'एक्स्पोर्ट चॅट' करून स्वतःलाच मेल करा. टेलिग्रामवर असाल तर आणखी घाई करा. तिथं समोरचा माणूस दोन्हीकडची चॅट पुसू शकतो आणि युजरनेमही बदलतो. पुरावा हाती आला की मग खुशाल ब्लॉक करा.

कापूसकाठी
माहिती देतो. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, 'अबक' समजा. मेल 'एचआर' ॲट 'अबक-करिअर्स डॉट ऑनलाइन' वरून आला. पगाराची फोड: बेसिक १४,०००, घरभाडे ७,०००, स्पेशल ७,०००. कपात: पीएफ १,६८०, ईएसआयसी (कामगार विमा) २१०, प्रोफेशनल टॅक्स ५००. हातात २५,६१०.

जीएसटी नंबरची सुरुवात २९ ने आहे, सहावं अक्षर पी. पैसे भरायला क्यूआर कोड दिलाय आणि एक बचत खातं. क्यूआर स्कॅन करून पाहिला (पैसे पाठवले नाहीत) तर एका बाईचं नाव येतं. विचारलं तर म्हणाले, त्या आमच्या अकाउंट्स मॅनेजर आहेत.

मोटपाणी
पगाराची फोड टाकलीत हे फार बरं केलं. शिक्का, सही, लोगो यांची नक्कल दहा मिनिटांत होते, पण आकडे जुळवायला हिशेब यावा लागतो. त्यामुळे भामट्याचं पितळ बहुतेक इथंच उघडं पडतं.

ईएसआयसी बघा. २८,००० चा ०.७५ टक्के म्हणजे २१०, गुणाकार बरोबर आहे. पण ईएसआयसी लागू होण्याची मर्यादाच दरमहा २१,००० रुपये आहे. २८ हजारांवर नव्यानं लागणाऱ्या माणसाची ही कपात होतच नाही.

प्रोफेशनल टॅक्स ५०० तर त्याहून मजेशीर. वर्षाला २,५०० च्या वर हा कर कोणतंच राज्य घेऊ शकत नाही, राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच तशी मर्यादा आहे. दरमहा ५०० म्हणजे वर्षाला ६,००० झाले. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे मिळून बरोबर २,५०० होतात. पगारपत्रक रोज बनवणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होणार नाही.

पीएफ १२ टक्क्यांनी १,६८०, तेवढं बरोबर आहे. ईपीएफओच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे, तिथं कंपनीचं नाव टाकलं तर तिचा पीएफ कोड आणि दर महिन्याचा भरणा दिसतो. पण पुन्हा तेच: त्यातून कंपनीची माहिती मिळेल, या माणसाची नाही.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, २९ म्हणजे कर्नाटक, आपला महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी फर्म, पी म्हणजे एकटा माणूस. पॅन तिसऱ्या जागेपासून सुरू होतो, म्हणून जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर पाहायचं. पत्रावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहाव्या जागी पी, म्हणजे हा नंबर कुणा दुसऱ्याच दुकानदाराचा आहे. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका, कायदेशीर नाव समोर येईल.

आणि तो ४५० चा जीएसटी! परत द्यायच्या अनामतीवर जीएसटी लागतच नाही. ती रक्कम पुढे मोबदला म्हणून वळती केली तरच लागतो. म्हणजे त्यांच्याच शब्दांत, 'परतीची' असेल तर ४५० खोटे आणि ४५० खरे असतील तर 'परतीची' खोटी.

क्यूआरवर जे नाव उमटतं ते बँकेत नोंदलेलं असतं. कंपनीचा पैसा कंपनीच्या नावाच्या चालू खात्यात जातो, अकाउंट्स मॅनेजर बाईंच्या बचत खात्यात नाही. त्या बाई बहुधा स्वतःच कुणीतरी गंडवलेल्या, खातं भाड्यानं दिलेल्या असतील. खातं दिलं असेल तर आयएफएससी पाहा: पहिली चार अक्षरं बँकेची, मग शून्य, शेवटची सहा शाखेची. कंपनी बंगळुरूची आणि शाखा तिसऱ्याच राज्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावची निघते, हे नेहमीचंच.

पिंपळपार
मेलच्या पत्त्याबद्दल. डोमेन (पत्त्यातला 'ॲट'नंतरचा भाग) उजवीकडून वाचायचं. शेवटचा भाग आणि त्याच्या लगेच आधीचा भाग, मालकी या दोघांत असते. 'अबक-करिअर्स डॉट ऑनलाइन' हे 'अबक डॉट कॉम'चं पिल्लू नाही, ते वेगळंच विकत घेतलेलं नाव आहे. 'करिअर्स डॉट अबक डॉट कॉम' असतं तर ते कंपनीचं असतं. 'अबक डॉट जॉइन-इंडिया डॉट कॉम' असेल तर मालक 'जॉइन-इंडिया', अबक नुसतं पुढं लावलेलं. शेवटी 'को डॉट इन' असेल तेव्हा तीन भाग धरायचे.

डोमेन कधी घेतलं तेही दिसतं. आयकॅनच्या (डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था) लुकअप पानावर नाव टाका, शेवट 'डॉट इन' असेल तर रजिस्ट्री डॉट इन वर. 'क्रिएशन डेट' पाहा. कंपनी दहा वर्षांची आणि डोमेन २० दिवसांचं, याचा अर्थ सांगायला नको.

एक सावधगिरी: जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्यांपुढं 'पास' लिहून येतं, आणि लोक हुरळतात. 'पास' म्हणजे मेल त्याच डोमेनवरून आला एवढंच. डोमेनच चोराचं असेल तर तेही 'पास'च येणार. उपयोग उलट बाजूनं होतो: पत्ता खऱ्या कंपनीचा दिसतोय आणि इथं 'फेल' आलं, किंवा 'रिप्लाय-टू' मध्ये भलताच पत्ता आला, तर तो मेल संशयास्पद धरा. हे मोबाइलच्या ॲपमध्ये दिसत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून उघडावं लागतं.

रात्रपाळी
लॅपटॉपचं राहिलं. खरी कंपनी लॅपटॉप पाठवते तेव्हा एक ॲसेट फॉर्म येतो: मॉडेल, सीरियल नंबर, चार्जर, बॅग, आणि नोकरी सोडताना किती दिवसांत परत करायचं ते. हरवला, फोडला तर शेवटच्या हिशेबातून कापतात. आधी पैसे मागत नाहीत, कारण तो लॅपटॉप त्यांच्या मालमत्तेत नोंदलेला असतो. काही छोट्या कंपन्या म्हणतात तुमचाच वापरा. तेही खरं असू शकतं. पण २,९५० वर हे थांबत नाही. हे भरले की 'कुरिअर इन्शुरन्स ३,४००', मग 'सॉफ्टवेअर लायसन्स', मग 'आयडी ॲक्टिव्हेशन'. प्रत्येक वेळी सांगतात, एवढं भरलं की आधीचंही परत. पहिली रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवतात की घरात कुणी फार वाद घालू नये.

खेड्यातून खरोखर रिमोट काम देणारा माणूस पगाराआधी दुसरंच विचारतो. लाइट किती तास जाते? इन्व्हर्टर आहे का? फायबर आहे की मोबाइलचाच हॉटस्पॉट? अपलोड स्पीड किती, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. दुसऱ्या कंपनीचं सिम बॅकअपला आहे का? फोनवर बोलायचं काम असेल तर खोली शांत आहे का? शिफ्ट कोणती? पावसाळ्यात वादळानं तार तुटली तर चार तासांच्या आत कळवणार कुणाला? यातला एकही प्रश्न न विचारता कुणी थेट रुजू व्हायची तारीख देत असेल, तर त्याला काम करून घ्यायचंच नाहीये.

(राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. खरी नोकरी लागली की तो आधी घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण लाइट गेली की राउटर आधी बंद पडतो.)

दुसरा एक प्रकार सध्या गावोगावी फिरतोय, बहिणीच्या नंबरवर आता तोही येईल, कारण नंबर एका यादीत गेला की पुढं विकला जातो. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला स्टार द्या, प्रत्येकी ५० रुपये. पहिले दीडशे-दोनशे खरंच खात्यात येतात, तोच गळाला लावलेला गांडूळ. मग टेलिग्राम ग्रुप, मग 'प्रीपेड टास्क': १,००० भरा, १,३०० घ्या. तेही एकदा देतात. मग ५,०००, मग २०,०००, आणि त्यांच्या वेबसाइटवर तुमचा फायदा फुगत जातो. काढायला गेलं की 'खातं गोठलं, आधी ३० टक्के टॅक्स भरा'. मिळकतीवरचा टीडीएस देणारा कापून घेतो, घेणाऱ्यानं आधी भरायचा नसतो. ग्रुपमधले 'मला मिळाले, मला मिळाले' म्हणणारे बहुतेक त्यांचेच असतात.

कापूसकाठी
सगळ्यांचे आभार. पैसे भरले नाहीत. पण आधार, पॅन, पासबुक गेलंय, त्याचं काय करायचं? ती घाबरली आहे.

सेतू_खिडकी
घाबरण्यासारखं नाही, पण तीन-चार कामं आजच करा.

पासबुकच्या पहिल्या पानावरून कुणी पैसे काढू शकत नाही. खाते क्रमांक आणि आयएफएससीनं पैसे टाकता येतात, काढता येत नाहीत. धोका आहे तो आधार आणि बोटाच्या ठशाचा, कारण आधारवरून ठशानं पैसे काढायची सोय असते. आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साइटवरून बायोमेट्रिक लॉक करा. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो. इथं एक अडचण येते, ती आधीच सांगतो: लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागणार नाही, पीएम किसानची अंगठ्याची ई-केवायसीही होणार नाही. दुकानात जाताना तात्पुरतं अनलॉक करायचं. ते काही मिनिटांपुरतं असतं, मग आपोआप पुन्हा लॉक होतं. रेशनवर घरातला दुसरा सदस्य अंगठा देत असेल तर तेवढीही कटकट नाही. त्याच साइटवर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' आहे, गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं. आज एकदा पाहा, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा.

पॅनवर कुणी कर्ज उचललं का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. देशात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकदम काढू नका, दर तीन महिन्यांनी एक काढा, वर्षभर नजर राहते.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं.

सेल्फी व्हिडिओ दिला नाही, हे सगळ्यात मोठं काम झालं. आधार धरून बोललेला व्हिडिओ ऑनलाइन खातं उघडायला किंवा कर्जाच्या केवायसीला वापरतात. पुढं कुठंही आधार द्यायचं तर मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख. आमच्या खिडकीवर लोक हे लिहायला लाजतात, कशाला ते कळत नाही.

त्यांनी एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) पाठवली होती का, 'ऑनबोर्डिंग ॲप' वगैरे नावानं? टाकली असेल तर फोनचं नेट बंद करा, ॲप काढा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. तसलं ॲप एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे जातो.

मोटपाणी
याला जोडून एक. पुढचा फोन असा येऊ शकतो: 'लॅपटॉप राहू द्या, तुम्हाला पेमेंट असोसिएट करतो. तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून बाकीचे पुढं पाठवा.' किंवा 'सॅलरी खातं उघडा आणि एटीएम, चेकबुक, सिम कुरिअर करा.' यात एक पैसाही मागत नाहीत, म्हणून लोकांना हे खरं वाटतं. तो पैसा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा असतो. तक्रार होते ती भलत्याच राज्यात, आणि होल्ड लागतो तुमच्या खात्यावर. मग त्याच खात्यात येणारा पीक विमा, पीएम किसानचा हप्ता, कापसाचा चुकारा, सगळं अडकतं. सोडवायला त्या राज्याच्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. वर गुन्ह्यात नाव येतं ते वेगळंच.

कापूसकाठी
काल तिनं 'मला नोकरी नको' असं कळवलं. आज दुसऱ्या नंबरवरून 'लीगल डिपार्टमेंट' म्हणून पीडीएफ आली. 'आपण करारावर सही केली आहे, करारभंगाबद्दल २४ तासांत ५,८०० भरून एनओसी घ्या, अन्यथा एफआयआर आणि अटक वॉरंट.' वर अशोकस्तंभ, खाली वकिलाची सही. सही तर तिनं खरंच केलीय.

चावडी_वकील
हा डेटा एंट्रीच्या फसवणुकीतला जुना खेळ आहे. तिथं आधी फॉर्म भरायला देतात, मग 'अचूकता ९० टक्क्यांच्या खाली' म्हणतात आणि हीच नोटीस धाडतात. यांनी तेच पत्र तुम्हाला चिकटवलं. बरेच लोक नोकरीसाठी २,९५० भरत नाहीत, पण या भीतीनं ५,८०० भरतात.

करार मोडणं हा दिवाणी विषय आहे. त्यासाठी अटक होत नाही आणि कंपनीचा वकील वॉरंट काढू शकत नाही. वॉरंट न्यायालय काढतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १९ प्रमाणे फसवून घेतलेली संमती असेल तर ज्याला फसवलं तो करार रद्द करू शकतो. करार खरा धरला तरी कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, पत्रात लिहिलेला आकडा मिळतोच असं नाही. एक दिवसही काम न केलेल्या मुलीमुळे कुणाचं काय नुकसान झालं, ते त्यांना न्यायालयात दाखवावं लागेल. आणि नोकरी करायलाच लावणं न्यायालयालाही जमत नाही; व्यक्तिगत सेवेच्या कराराची तशी अंमलबजावणी होत नाही.

कागद पाहा. वकिलाच्या नोटिशीवर अशोकस्तंभ नसतो. महाराष्ट्रातल्या वकिलाचा सनद क्रमांक 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष असा असतो. नोटिशीवर तो नसेल तर तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, पण विचारल्यावर देता आला पाहिजे. 'केस दाखल झाली आहे' म्हणत असतील तर १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक (न्यायालय प्रत्येक खटल्याला देतं तो) मागा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून पाहा. 'एनओसीची फी भरली की एफआयआर मागे घेतो' हे तर कायद्यात बसतच नाही.

उत्तर द्यायचं असेल तर एकच ओळ: 'पत्र फसवणुकीचं असल्याचा संशय आहे, तक्रार करीत आहे.' फोनवर हुज्जत नको. खोटं नाव-ओळख घेऊन संगणक किंवा फोनवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे (१ जुलै २०२४ आधीचं ४२०), आणि भीती घालून पैसे मागणं कलम ३०८ मध्ये बसतं. म्हणजे एफआयआर होईल ती त्यांच्यावर.

बहिणीला वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. फोन १५१००.

कापूसकाठी
तक्रार कुठं करायची? पैसे तर गेले नाहीत, पोलीस घेतील का?

चावडी_वकील
पैसे गेले नसतील तर संचार साथीवरच्या 'चक्षू' (संशयास्पद फोन-मेसेज कळवायची सोय) मध्ये तो नंबर, तारीख, स्क्रीनशॉट टाका. मेसेज ३० दिवसांच्या आतला असावा. धमकीची पीडीएफ आलीय म्हणून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही तक्रार करा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. तिथंच 'सस्पेक्ट सर्च' आहे, त्यात त्यांचा नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक टाकून पाहा. आधी कुणी तक्रार केली असेल तर दिसेल. नाही दिसलं म्हणून तो साव ठरत नाही, नवा नंबर असेल.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी भरून बसलं असेल तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, मग बाकी सगळं. हाताशी ठेवायचं ते: यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, कोणत्या आयडीला गेले, आपली बँक. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममध्ये असा तासाभरात पळतो. वाटेत कुठं सापडला तर तिथं होल्ड लागतो, नाही तर नाही. बँकेलाही लेखी कळवा. 'तीन दिवसांत कळवलं तर बँक पूर्ण पैसे देते' असं जे फिरतं ते रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं आहे, पण ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला ते लागू होत नाही. पोलीस ठाण्यात 'हद्द आमची नाही' म्हणाले तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न पाहता खबर नोंदवायची तरतूद आहे, तसं नम्रपणे सांगा.

आणि 'तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फाइल चार्ज भरा' म्हणणारा जो पुढच्या आठवड्यात फोन करेल, तो यांचाच भाऊबंद.

कापूसकाठी
चक्षू आणि पोर्टल दोन्हीकडे टाकलं. आधार लॉक केलं, हिस्ट्रीत अनोळखी काही नाही. कंपनीच्या खऱ्या मेलवर परवा पत्र पाठवलं, अजून उत्तर नाही.

पिंपळपार
उत्तर नाही आलं तरी त्याचा अर्थ होकार धरू नका. बऱ्याच कंपन्या अशा मेलना उत्तरच देत नाहीत. साइटवर करिअरचं पान असेल तर हे पद तिथं आहे का तेवढं पाहून घ्या.

जॉब साइटवरच्या बायोडाट्यातून जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता आणि आधार क्रमांक (हो, लोक तोही टाकतात) आज काढून टाका. गाव आणि जिल्हा पुरे. नोकरीसाठी वेगळा ईमेल ठेवा, बँकेला जोडलेला नको. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याच्या महास्वयम् वर नोंदणी करा, दोन्ही फुकट आहेत. पण तिथून आलेली ऑफरही याच चाळणीतून काढायची. आणि टॅलीसोबत जीएसटी रिटर्न भरायला शिकली तर दारव्हा-दिग्रस भागातल्या सीएंकडे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हात कमी पडतात. ते काम घरी बसून करता येतं, आणि देणारा माणूस बसनं जाऊन डोळ्यांनी पाहता येतो.